चित्रपटाच्या फितीचा अस्त

जुन्या चित्रगृहांत खेळ ऐन रंगात आला असता पडद्याच्या उजव्या बाजूस, अगदी वरच्या कोपऱ्यात, एक लहानसा ठिपका क्षणभर चमकून जाई. सहा-सात सेकंद लोटत आणि तसाच दुसरा ठिपका चमके. नायिका रडत असे, खलनायक दाराआड दबा धरून उभा असे; त्या गडबडीत हे ठिपके शेकडा नव्याण्णव प्रेक्षकांच्या दृष्टीसही पडत नसत. ते त्यांच्यासाठी नव्हतेच. प्रेक्षकांच्या पाठीमागे, भिंतीतील चौकोनी झरोक्याआड घामाने निथळत जो ऑपरेटर उभा असे, त्याच्यासाठी ती खूण होती. पहिला ठिपका दिसताच तो दुसऱ्या यंत्राची मोटार सुरू करी. दुसरा दिसताच पहिल्या यंत्राचा प्रकाश झाकून दुसऱ्याचा उघडी. एक रीळ संपून दुसरे लागले, हे बाहेर कोणास कळू नये यातच त्याचे कसब होते. आज तो ठिपका दिसत नाही. ती जोडयंत्रे गेली, त्यांच्यापाशी उभा असणारा माणूसही बहुतेक ठिकाणी गेला, आणि ज्या फितीच्या कडेस ती खूण केलेली असे ती फीतही चित्रगृहांतून नाहीशी झाली. शंभराहून अधिक वर्षे जिने जगाची करमणूक केली, ती अवघ्या दहा-बारा वर्षांत अडगळीत जाऊन पडली. करमणुकीच्या इतिहासात इतके जलद स्थित्यंतर विरळाच झाले असेल.

हे स्थित्यंतर केवळ यंत्रांचे आहे असा समज पुष्कळांचा आहे. तो अपुरा आहे. पूर्वी चित्रपट ही एक वस्तू होती. आता तो आकड्यांची एक लांबलचक नोंद झाला आहे. वस्तू जड असते, महाग असते, वापराने झिजते; परंतु कोठे कपाटात विसरून राहिली तरी पडून राहते आणि पन्नास वर्षांनी एखाद्याच्या हाती लागते. नोंद हलकी, स्वस्त आणि न झिजणारी. पण तिची आठवण ठेवून ती पुनःपुन्हा उतरून घेणारा कोणी नसेल तर ती कोणाच्या हाती लागण्याजोगी उरतच नाही. मराठी चित्रपटाचे या बदलात काय साधले आणि काय धोक्यात आले, हे पाहावयाचे तर आधी ती फीत म्हणजे काय होती ते पाहिले पाहिजे.

पस्तीस मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना छिद्रे असलेली ही पट्टी. तिचे माप एडिसनच्या प्रयोगशाळेत १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ठरले. प्रत्येक चित्रास कडेची चार छिद्रे, आणि एका फुटात सोळा चित्रे. बोलपट आल्यावर सेकंदास चोवीस चित्रे हा वेग कायम झाला. म्हणजे मिनिटास नव्वद फूट फीत यंत्रातून सरके. अडीच तासांच्या चित्रपटास साडेतेरा हजार फूट, म्हणजे चार किलोमीटरहून अधिक लांबीची फीत लागे आणि तिचे वजन तीस किलोंच्या घरात जाई. ही फीत डब्यांत आणि डबे लोखंडी पेटीत घालून आगगाडीने व एस.टी.ने गावोगाव हिंडत. या मापाचा एक मोठा गुण असा की, ते जगात सर्वत्र एकच राहिले. पॅरिसमध्ये छापलेली प्रत कोल्हापुरात चाले, आणि आजोबांच्या वेळची प्रत नातवाच्या यंत्रावरही चालविता येई. इतके दीर्घकाळ न बदललेले माप यंत्रयुगात दुसरे क्वचितच सापडेल.

मुंबईकरांस या फितीचे पहिले दर्शन ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाले. ल्यूमियेर बंधूंच्या माणसाने तेथे काही हलती चित्रे दाखविली; प्रवेशमूल्य एक रुपया होते, आणि तो काळ पाहता ते थोडे नव्हते. त्यानंतर सतरा वर्षांनी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, तसेच कोऱ्या फितीस छिद्रे पाडण्याचे यंत्रही आणले. कारण त्या वेळी कच्ची फीत छिद्रांवाचून येत असे. ही छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके रात्री अंधाऱ्या खोलीत करीत. दिवसा कंपनीतील साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि रात्री हे काम. भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत कॅमेऱ्याचे गुणगान पुष्कळ झाले. त्या अंधाऱ्या खोलीतील हातांची आठवण मानाने कमीच निघते.

फीत ही वस्तू असल्यामुळे तिची प्रत काढणे हे खर्चाचे काम होते, आणि याच एका गोष्टीने चित्रपटाचा सगळा व्यवहार घडविला. फितीच्या शेवटच्या वर्षांत एका प्रतीस पन्नास-साठ हजार रुपये पडत. हिंदी चित्रपटाचा धनिक निर्माता शेकडो प्रती काढू शके. मराठी निर्माता मोजक्याच काढी. मग त्या प्रती मुंबई-पुण्यास चालत, तेथून कोल्हापूर, नाशिक, सोलापूर, नागपूर अशा गावी जात, पुढे तालुक्याच्या गावी आणि सरतेशेवटी जत्रेतील तंबूत. तंबूपर्यंत पोचेतो प्रतीस कित्येक वर्षे झालेली असत. तिच्यावर ओरखडे उठून पडद्यावर सारखा पाऊस पडल्याचा भास होई. तुटलेली जागा जोडताना काही चित्रे कापली जात, आणि नायकाचे वाक्य ओठांतच राहून तो एकदम दारापाशी पोचलेला दिसे. कधी एकच प्रत जवळजवळच्या दोन चित्रगृहांत चाले. एकाकडचे रीळ संपले की पोऱ्या ते सायकलवरून दुसरीकडे पोचवी, आणि वाटेत सायकल पंक्चर झाली तर दुसरीकडचे प्रेक्षक शिट्ट्या मारीत बसत.

असे असले तरी या टंचाईची एक दुसरी बाजू होती. प्रती थोड्या म्हणून चित्रपट एका जागी दीर्घकाळ राही. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात लागला तो ५७ आठवडे चालला; पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची गणना उत्कृष्ट चित्रपटांत झाली. वर्षभर एकाच पडद्यावर टिकलेल्या चित्रपटाचा बोलबाला तोंडोतोंडी खेड्यापर्यंत पोचावयास पुरेसा अवधी असे. लोक बैलगाड्या जोडून पाहावयास येत. कापून टाकलेल्या चित्रांचे तुकडे मुले चित्रगृहाच्या मागच्या उकिरड्यावरून गोळा करीत. विजेच्या निकामी दिव्यात पाणी भरून त्याचे भिंग करीत, आरशाने ऊन त्यावर पाडीत आणि घराच्या भिंतीवर चित्रगृह उभारीत. चित्रपट हा हातात धरता येण्याजोगा पदार्थ होता, याचा यापरता पुरावा नको.

फितीची बाजू मांडताना तिचे दोष लपविण्याचे कारण नाही. पहिल्या पन्नास-साठ वर्षांतील फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ बंदुकीच्या दारूचा जवळचा नातलग. एकदा पेटला की त्यास बाहेरच्या हवेची गरज राहत नाही, पाण्याखालीही तो जळत राहतो. फितीवरील लेपात चांदी असे. मूकपटांचे दिवस सरल्यावर त्या फितींना मोल उरले ते या चांदीचेच. कोणी त्या धुऊन चांदी काढली, कोणी जागा अडते म्हणून भंगारात घातल्या, काही जळाल्या, काही सडून चिकट झाल्या. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांपैकी पूर्ण वा तुटक रूपात आज तीसही हाती नाहीत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात लागलेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. ज्याने देशास प्रथम बोलका पडदा दाखविला त्याचा आज आवाजही नाही आणि चित्रही नाही. उरली आहेत ती छायाचित्रे आणि जाहिराती.

जे थोडे वाचले त्याचे श्रेय पुण्याकडे जाते. प्रभातच्या आवारात १९६० मध्ये चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली आणि १९६४ मध्ये पुण्यासच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्याच्या आरंभकाळापासून १९९१ पर्यंत पी. के. नायर या गृहस्थाने देशभर हिंडून, वखारी व माळे धुंडाळून जुन्या फिती जमविल्या. फाळके कुटुंबीयांकडून त्यांनी मिळविलेल्या फितींमुळेच 'कालिया मर्दन' (१९१९) आज पाहता येतो. 'राजा हरिश्चंद्र'चे मात्र पहिले आणि शेवटचे रीळ तेवढेच मिळाले. तेही १९१३ मधील मूळ चित्रपटाचे, की फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्याचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एवढ्या कष्टाने जमविलेल्या ठेव्यावरही घाला आलाच. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या त्या आवारातील नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि प्रभातकाळातील पुष्कळ मूळ फिती भस्मसात झाल्या. त्यांपैकी बऱ्याचशा आधीच सुरक्षित फितीवर उतरून ठेवलेल्या होत्या म्हणून चित्रे वाचली. मूळ वस्तू गेल्या त्या गेल्याच.

अशा या फितीवर आकड्यांची चढाई झाली ती एकाएकी नव्हे. पहिली आली ती ध्वनीच्या वाटेने. १९९२-९३ मध्ये अमेरिकन चित्रपटांचा ध्वनी डिजिटल, म्हणजे आकड्यांत नोंदलेला, येऊ लागला. त्याच सुमारास संकलनाच्या मेजावरून कात्री आणि चिकटपट्टी उठून संगणक बसला. चित्र मात्र फितीवरच राहिले. जून १९९९ मध्ये 'स्टार वॉर्स' मालिकेतील एक चित्रपट अमेरिकेतील चार चित्रगृहांत फितीवाचून दाखविण्यात आला, तेव्हा जाणत्यांनी ओळखले की आता दिवस मोजावयाचे. तथापि फितीच्या जागतिक मापास तोडीचे दुसरे माप ठरल्यावाचून काही होणार नव्हते. हॉलिवुडच्या मोठ्या कंपन्यांनी २००२ मध्ये एकत्र येऊन हे काम हाती घेतले आणि जुलै २००५ मध्ये ते माप प्रसिद्ध केले.

त्याचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. प्रत्येक चित्राचे २,०४८ उभे व १,०८० आडवे असे भाग पाडावयाचे. म्हणजे सुमारे बावीस लाख बिंदू झाले. प्रत्येक बिंदूचा रंग व तेज तीन आकड्यांनी लिहावयाचे. असे सेकंदास चोवीस वेळा. ही आकड्यांची रास अफाट होते, म्हणून गणिताच्या युक्तीने ती दाबून लहान करावयाची. तरी अडीच तासांचा चित्रपट दोन-अडीचशे गिगाबाइट सहज व्यापतो. पूर्वीच्या तीस किलोंच्या पेटीऐवजी आता हातात मावणारी एक डबी जाते, किंवा तीही न जाता सगळी रास उपग्रहामार्गे उतरते. या राशीस कुलूप असते. ते उघडणारी किल्ली म्हणजे पुन्हा आकडेच. आणि ही किल्ली अमुक चित्रगृहातील अमुक यंत्रावर, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच चालते. येथे चित्रगृहवाल्याच्या हातून एक सत्ता गेली, ती फारशी कोणाच्या ध्यानी आली नाही. पूर्वी पेटी त्याच्या दारात उतरली की आठवडाभर तो तिचा धनी असे. एखादा खेळ जास्त करणे, जत्रेमुळे उशिरा सुरू करणे हे त्याच्या मर्जीवर होते. आता त्याच्यापाशी चित्रपट नसतो, तो दाखविण्याची मुदतीची परवानगी तेवढी असते. आणि मुदत संपली की डबी जागच्या जागी मुकी होते.

हिंदुस्थानाने या बाबतीत जगाच्या मागे न राहता एक निराळीच वाट धरली, ही अभिमानाची गोष्ट होय. हॉलिवुडच्या मापाची यंत्रे फार महाग. तालुक्याच्या गावच्या चित्रगृहास ती झेपणारी नव्हती. तेव्हा येथील कंपन्यांनी कमी खर्चाची यंत्रे जुळविली. मुंबईच्या यूएफओ मूव्हीजने २००५ पासून उपग्रहामार्गे चित्रपट पोचविण्यास आरंभ केला. चेन्नईची क्यूब ही पद्धतही त्याच सुमारास फैलावली. हॉलिवुडवाल्यांना या यंत्रांची प्रत पसंत नव्हती, परंतु ज्या गावात यापूर्वी पाऊस पडणारी जुनी प्रतच येत असे त्या गावास हे स्वच्छ चित्र म्हणजे पर्वणीच वाटली. शिवाय ते शुक्रवारी, मुंबईबरोबरच येऊ लागले. शिळा चित्रपट पाहण्याचा शतकाचा भोग असा एका तबकडीसारख्या अँटेनाने संपविला.

मराठी चित्रपटास याचा लाभ हिंदीहून अधिक झाला. जेथे प्रतीचा खर्च हाच अडसर होता तेथे तो निघताच वाट मोकळी झाली. चित्रणासही फीत लागेनाशी झाल्याने भांडवलाचा आकडा उतरला, आणि दशकभरात मराठी चित्रपटांची वार्षिक संख्या शंभराच्या पुढे गेली. यास सरकारी अनुदानाचेही साहाय्य झाले, हे मान्य केले पाहिजे. तरी अनुदानाने चित्रपट निघतो, गावोगाव पोचत नाही. एप्रिल २०१६ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'सैराट' एकाच दिवशी राज्यभर शेकडो पडद्यांवर लागला, आणि शंभर कोटी रुपयांचे उत्पन्न पाहणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. करमाळ्याकडील बोली बोलणारी ती मुले बीड-लातूरच्या प्रेक्षकास मुंबईकराच्याच दिवशी भेटली. मोजक्या प्रती काढून त्या एकामागून एक गावी फिरविण्याच्या काळात हे घडणे शक्य नव्हते.

परंतु टंचाई संपली असे म्हणता येणार नाही. ती एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसली. पूर्वी प्रत दुर्मिळ होती, आता वेळ दुर्मिळ आहे. पडद्यावर कोणता चित्रपट ठेवावयाचा हे पूर्वी पेटी बदलल्यावाचून ठरत नसे; आता ते बोटाने बदलता येते. दुपारी गर्दी झाली नाही तर रात्रीचा खेळ दुसऱ्यास दिला जातो. म्हणूनच मराठी निर्मात्यांची आजची तक्रार प्रती मिळत नाहीत ही नसून, सोयीची वेळ मिळत नाही, मिळाली तर दुसऱ्या शुक्रवारी टिकत नाही, ही आहे. शेकडो पडद्यांवर एकदम लागणारा चित्रपट पंधरवड्यात उतरतो. 'संत तुकाराम'चे ५७ आठवडे आता कोणाच्या स्वप्नातही येत नसतील.

तंबूवाल्यांची कहाणी याहून करुण आहे. महाराष्ट्रातील जत्रांत तंबू ठोकून चित्रपट दाखविणारी ही मंडळी जुनी, अवजड यंत्रे मालमोटारीवर लादून वर्षानुवर्षे हिंडली. फितीच्या प्रती मिळेनाशा झाल्या तेव्हा त्यांनीही डिजिटल यंत्रे जोडून पाहिली. पण तोवर प्रेक्षकाच्या खिशातच पडदा आला होता. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या तंबूवाल्यांवर काढलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा अनुबोधपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरविला गेला. ज्यांचा धंदा बुडत होता त्यांची स्मृती राखली ती आकड्यांनीच.

फितीचा कारखानदारही याच काळात कोसळला. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. फुजी कंपनीने २०१३ मध्ये चित्रपटाची चित्रण-फीत काढणे बंद केले. मुंबईतील फीत धुण्याच्या प्रयोगशाळा एकामागून एक बंद पडल्या. कोडॅक सावरली, आणि काही मोजके दिग्दर्शक अजूनही हट्टाने फितीवर चित्रण करतात. २०२३ मधील 'ओपनहायमर'च्या मोठ्या फितीची एक प्रत अकरा मैल लांब होती! पण ही हौस श्रीमंतांची. पुढे २०१६ च्या आरंभी नेटफ्लिक्स भारतात आले, त्याच वर्षी जिओमुळे इंटरनेट स्वस्त झाले, आणि मार्च २०२० मध्ये महामारीने चित्रगृहांना टाळे लागले. त्या जून महिन्यात 'गुलाबो सिताबो' हा मोठ्या नटांचा हिंदी चित्रपट थेट घरोघरीच्या पडद्यावर आला. ज्याची प्रत निघाली नाही आणि जो चित्रगृहातही लागला नाही, तोही चित्रपटच ठरला.

आता जपणुकीकडे वळावे. आकडे सडत नाहीत, जळत नाहीत, त्यांतून चांदीही निघत नाही. तेव्हा ते अमर असावेत असे वाटणे साहजिक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' या संपूर्णपणे संगणकावर रेखाटलेल्या अमेरिकन चित्रपटाचे काम चालू असता कोणाच्या तरी एका चुकीच्या आज्ञेने त्याचा फार मोठा भाग पुसला गेला. राखून ठेवलेली प्रत काढून पाहिली तर तीही निकामी. सुदैवाने एक तंत्रज्ञ स्त्री बाळंतपणामुळे घरून काम करीत होती व तिच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक मोटारीत गोधड्यांत गुंडाळून आणला आणि चित्रपट वाचला. इतक्या धनाढ्य कंपनीची ही अवस्था, तर ज्या मराठी निर्मात्याचा चित्रपट एखाद-दोन डिस्कवर त्याच्या घरच्या खणात असेल त्याचे काय व्हावे? अशी डिस्क पाच-दहा वर्षे न फिरविता ठेवली तर ती चालू होईलच याची शाश्वती कोणी देत नाही; आणि चालू झाली तरी त्या वेळचे कुलूप-किल्लीचे, दाबून लिहिण्याचे गणित समजणारा संगणक हाताशी हवा.

मोठ्या संस्था आकडे जपतात ते चुंबकीय पट्टीवर. दैवाची थट्टा अशी की, फितीपासून सुटका करून घेतलेले चित्र जपावयास पुन्हा फीतच लागली! या पट्टीची जी जात सर्वत्र रूढ आहे ती २००० मध्ये निघाली आणि तिच्या पिढ्यांमागून पिढ्या निघत आहेत. नवे यंत्र साधारणतः मागच्या एक-दोन पिढ्यांच्याच पट्ट्या वाचते. म्हणजे दर सात-आठ वर्षांनी सगळे भांडार नव्या पट्ट्यांवर उतरून घ्यावयाचे, ते कायमचेच. अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने २००७ मध्ये याचा हिशेब काढला, तो डोळे उघडणारा होता. फितीवरील चित्रपटाची मूळ प्रत थंड कोठारात वर्षभर जपावयास १,०५९ डॉलर, आणि तोच चित्रपट उंची दर्जाच्या आकड्यांत जपावयास १२,५१४ डॉलर. म्हणजे जवळजवळ बारापट. त्यानंतर साठवणुकीचे दर पुष्कळ उतरले आहेत, पण खर्चाची जात तीच राहिली. फीत एकदा थंड जागी ठेवली की पुष्कळ वर्षे तिच्याकडे पाहावे लागत नाही; आकड्यांची चाकरी मात्र अखंड करावी लागते, आणि चाकरीचे पैसे देणारी संस्था जिवंत असावी लागते. पुण्याचे संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. जुन्या फिती आकड्यांत उतरून घेण्याचे मोठे सरकारी काम चालू आहे, ते योग्यच आहे. तरी आकड्यांत उतरली म्हणून मूळ फीत टाकून देण्याचा मोह कोणासही होऊ नये.

आकड्यांनी फितीवर उपकार केलेले नाहीत असेही नव्हे. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला चित्रपट. त्याची मूळ फीत विटली होती. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने एकेक चित्र आकड्यांत घेऊन, डाग व ओरखडे पुसून, रंग पूर्ववत करून तो २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखविला. हे काम फितीच्या काळात अशक्यप्राय होते. पण ते शक्य झाले कशामुळे? अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची ती विटकी का होईना फीत शिल्लक होती म्हणून. मूळ चित्रणातील तपशील तिच्यात दबून होता, तो आजच्या यंत्राने वर काढला. २००५ च्या सुमाराच्या स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यांवर चित्रित झालेल्या मराठी चित्रपटांना ही सवलत नाही. त्यांत जेवढे बिंदू त्या दिवशी लिहिले गेले तेवढेच आहेत. तेही त्यांच्या डिस्क चालू असतील तर.

म्हणूनच हॉलिवुडच्या मोठ्या कंपन्यांनी एक विलक्षण उपाय योजिला. चित्रण डिजिटल, संकलन डिजिटल, प्रदर्शन डिजिटल. हे सगळे आटोपल्यावर निवडक चित्रपटांचे आकडे पुन्हा चित्रांत उतरवून त्या फितीवर छापून घेतात, आणि तीही रंगीत फितीवर नव्हे. रंग विटतात, चांदी विटत नाही. म्हणून तांबडा, हिरवा व निळा यांच्या तीन वेगवेगळ्या कृष्णधवल फिती काढून त्या जमिनीखालच्या थंड कोठारांत ठेवतात. शंभर वर्षांनी तिन्ही एकावर एक धरल्या की रंगीत चित्र परत मिळावे. या फितीस किल्ली लागत नाही, संगणक लागत नाही. ती उजेडात धरली की चित्र दिसते. आणि पाणी भरलेला विजेचा दिवा व आरशावरचे ऊन हाताशी असेल तर भिंतीवरही दिसते.